गळकी तोटी आणि सातवीचा वर्ग

सोलापूरच्या पूर्व भागात मी गणित-विज्ञान शिकवते. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांआड. उजनी, टाकळी, हिप्परगा ही जिथनं पाणी येतं त्या ठिकाणांची नावं पोरांना पाठच असतात, पण घरातली तोटी किती गळते ते कुणाला ठाऊक नसतं. वर्गाला पाण्याचा हिशेब शिकवायचा तर तिथनंच सुरुवात करा.

आधी पालकांची लेखी परवानगी घ्या. चार-पाच जणांचा गट करा, आणि पहिली घरं त्यांचीच. परक्याच्या दारात एकदम जाऊ नये. वहीत नावं नकोत, घरांना नुसते क्रमांक द्या.

सामान फार लागत नाही: वाटी, घड्याळ आणि बिनसुईची दहा मिलीची नवी सिरिंज. तोटीखाली पाच मिनिटं वाटी धरायची, साठलेलं पाणी सिरिंजनं मोजायचं. समजा तीस मिली भरलं. म्हणजे मिनिटाला सहा, दिवसाची मिनिटं १४४०, झाले ८ लिटर ६४० मिली. सम प्रमाण फळ्यावर शिकवताना जांभया देणारी पोरं इथं भांडून गुणाकार करतात.

मी हाच हिशेब महापालिकेच्या नळालाही लावला होता. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "मॅडम, त्याला दिवसभर पाणी कुठं असतंय?" खरंच की! १४४० चा गुणाकार चालतो तो टाकीच्या नळाला. ती तोटी चारही दिवस गळते, साडेचौतीस लिटर, दोन घागरींच्या वर. थेट लाइनच्या नळाला पाणी येतं तेवढीच मिनिटं धरा. ही चूक पोरांनाच सापडू द्या, तुम्ही आधी बोलू नका.

बऱ्याचदा दोष वायसरचा असतो. पाच-दहा रुपयांचं काम. पाना मात्र प्लंबरच्याच हातात. वर्गात कुणाचे तरी काका प्लंबर निघतातच. मुलांनी जुना वायसर बघावा, कुठं झिजला ते वहीत काढावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दुरुस्ती पाणी यायच्या आदल्या दिवशीच करा, टाकी तळाला गेलेली असताना. पहिल्या वर्षी आम्ही पाणी भरल्याच्या संध्याकाळी गेलो, कॉक नीट बंद झाला नव्हता. तोटी काढली आणि एका आजींचं चार दिवसांचं पाणी अंगणात. आजी तेलुगूत जे बोलल्या त्यातलं मला फक्त 'नीळ्ळु', म्हणजे पाणी, एवढंच कळलं. पोरांना सगळं कळलं, म्हणून ती खाली मान घालून शेजारून घागरी आणायला पळाली. तेव्हापासून प्रत्येक गटात घरी तेलुगू बोलणारं एक पोरगं मी मुद्दाम ठेवते. विचारपूस तेच करतं.

आठ दिवसांनी त्याच वाटीनं पुन्हा मोजा. हे कुणीच करत नाही. यंदा आमच्या दोन तोट्या परत गळत होत्या. वायसर एक सूत लहान बसला होता.