उजव्या हाताचं काय करायचं?

गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य पाठ करून आलेला असतो: "डावा हात सरळ ठेवायचा." बरोबरच आहे. पण मग उजव्याचं काय, असं विचारलं की साहेब गप्प. मी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर कॅडी म्हणून बॅगा उचलता उचलता हा खेळ शिकलो. समजावून सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून चांगलं खेळणाऱ्यांच्या कोपरांकडे बघत राहायचो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: उजवा हात नीट दुमडला, की डाव्याला सरळ राहायला फारसं सांगावं लागत नाही. (डावखुऱ्यांनी सगळं उलटं करून वाचा.)

ग्रिपमध्ये, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) धरताना, उजवा हात खाली असतो, त्यामुळे उजवा खांदाही जरा खाली येतो. येऊ द्या. कोपर ताणू नका. किंचित वाकलेलं आणि कमरेच्या दिशेने असू द्या.

क्लब मागे नेताना सुरुवातीला उजवा हात फार काही करत नाही, छाती वळते तिच्यासोबत जातो. मग कोपर दुमडायला लागतं आणि वर पोचेपर्यंत साधारण 90 अंशांत येतं. मनगट मागे वळलेलं, तळवा वर. हॉटेलातला वेटर खांद्याजवळ ट्रे धरून टेबलांमधून वाट काढतो ना, अगदी तसं. कोपराचं टोक जमिनीकडे. ते मागे उडालं की ट्रेमधला चहा सांडला. आता कोणीतरी मला अमेरिकन गोल्फर जॅक निक्लॉस दाखवणार. त्याचं कोपर वर असताना अंगापासून चांगलंच लांब जायचं, आणि तरी त्याने 18 मेजर (गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. खरं आहे. पण खाली येताना तो ते कोपर बरोबर जागेवर आणायचा. आपल्याला तेवढं जमणार असेल तर खुशाल उडवा.

खरी गंमत खाली येताना. आधी कंबर वळायला लागते आणि कोपर, अजून वाकलेलंच, उजव्या कमरेच्या पुढे उतरतं. मनगटही अजून मागेच. तळ्याकाठी चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जावा म्हणून फेकतो, तेव्हा कोपर आधी पुढे येतं आणि हात मागून येतो. तीच ही हालचाल. बॉलला क्लब लागतो त्या क्षणीही कोपरात थोडा वाक उरलेला असतो. हात पूर्ण सरळ होतो तो बॉल निघून गेल्यावर.

क्रिकेट खेळून आलेल्यांना हे सर्वात जड जातं. आयुष्यभर पुल मारलेला बॉटम हँड वरूनच झडप घालतो. मग दोनपैकी एक होतं. हात लवकर सरळ झाला, तर क्लब बॉलच्या आधीच जमिनीत जातो. पावसाळ्यात तर सगळा चिखल पँटवर. किंवा खांदा आणि कोपर बाहेरून पुढे येतात, क्लब बॉलला आडवा कापतो आणि बॉल उजवीकडच्या झाडांत. अशा वेळी माणूस ग्रिप बदलतो, बॉल बदलतो, ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब) नवीन घेतो. कोपराकडे कोणी बघत नाही.

सराव असा करा. आधी क्लब न घेता दहा वेळा दगड फेकल्याची नक्कल. मग नाईन आयर्न (जवळच्या फटक्याचा क्लब), मूठ जरा खालच्या बाजूला धरून, फक्त उजव्या हाताने, कमरेपासून कमरेपर्यंत. डावा हात उजव्या दंडावर ठेवा. पहिले पाच-सहा बॉल लाजिरवाणे जातील, म्हणून मी लोकांना रेंजच्या कडेच्या मॅटवर उभं करतो. बॉल लांब गेला का हे बघू नका, टक् असा स्वच्छ आवाज आला का तेवढं ऐका.

त्यानंतर दोन्ही हात क्लबवर, पण उजव्या काखेत छोटा टॉवेल. अर्ध्या स्विंगमध्ये (अर्ध्या फटक्यात) तो पडता कामा नये. पूर्ण स्विंगला मात्र टॉवेल धरून ठेवायचा हट्ट नको. तो पडणारच, नाहीतर हात अंगाला चिकटून बसतो आणि क्लब अंगामागे अडकतो.

दिवसाला वीस-पंचवीस बॉल पुरे. बॉलच्या पुढचं गवत उडायला लागलं की नाईन आयर्न ठेवून सेव्हन आयर्न (त्याहून लांब मारणारा) घ्या. ड्रायव्हर अजून बॅगेतच राहू दे.