वारकऱ्यांची सेवा करताना या चुका टाळा

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघते, तो दिवस वारीतला सर्वांत कष्टाचा मानला जातो. सुमारे तीस किलोमीटरची चाल आणि वडकीनंतर दिवे घाटाची चढण, यामुळे दुपारनंतर धडधाकट माणसाचीही पावले जड होतात. रस्त्याच्या कडेला मदतीला उभ्या राहणाऱ्यांची त्या दिवशी वाण नसते. चुका होतात त्या बहुधा अतिउत्साहापोटी.

पहिली चूक तिथी न पाहण्याची. हा टप्पा साधारणपणे ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो आणि बहुतेक वारकऱ्यांना उपवास असतो. तरीही वडापाव, पुरी-भाजी आणि बिस्किटांचे ढीग मांडले जातात. वारकरी हात जोडून पुढे निघून जातो आणि देणाऱ्याचा समज होतो की त्याला भूक नाही. केळी, राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाणे-गूळ दिल्यास ते चालता चालता खाता येतात आणि उपवासालाही चालतात. वयस्कर माणसाच्या हातावर गोड ठेवण्यापूर्वी मधुमेह आहे का, एवढे अवश्य विचारावे.

याहून मोठी चूक म्हणजे चालत्या दिंडीत शिरून माणसाला थांबवणे. दिंडीला क्रम असतो, अभंगाला ठेका असतो. एकाला थांबवले की मागची रांग अडते आणि मागे पडलेल्याला आपली दिंडी गाठण्यासाठी धावावे लागते, म्हणजे दमलेल्याला आपणच आणखी दमवतो. खाणे-पिणे कडेला उभे राहून हाताशी धरावे आणि पाय दाबण्याची सेवा विसाव्यासाठी राखून ठेवावी. तिथेही सुजलेल्या पोटऱ्या जोर लावून रगडू नयेत आणि तळव्याला आलेले फोड फोडू नयेत. फोड स्वच्छ धुऊन त्यावर सैल पट्टी बांधणे पुरेसे असते.

कोणाला भोवळ आली तर भोवती गर्दी करू नये. त्याला सावलीत आडवे करून पाय किंचित उंच ठेवावेत आणि तो शुद्धीवर असेल तरच पाणी पाजावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचाच घ्यावा) मिसळून ठेवलेले असले की ऐनवेळी धावाधाव होत नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलेले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

बोलण्यातही तारतम्य हवे. “या वयात कशाला निघालात, आजी?” हा प्रश्न काळजीचा वाटला तरी थकलेल्या माणसाला तो ओरखड्यासारखा लागतो. घाटाच्या पायथ्याशी “आता आलंच सासवड” असे सांगणेही बरे नव्हे, कारण घाटमाथ्यानंतरही बरीच चाल उरते आणि खोटा धीर पुढच्या वळणावर उघडा पडतो. “माउली, पुढच्या वळणावर सावली आहे, पाणी आहे,” हे खरे असेल तर तेवढे सांगावे.

केळी देताना मोबाइलकडे पाहायला लावण्याविषयी वेगळे काय सांगावे! त्यापेक्षा रस्त्यालगत घर असणाऱ्यांनी महिला वारकऱ्यांसाठी आपले स्वच्छतागृह उघडे ठेवावे आणि तशी ठळक पाटी दारावर लावावी, कारण तिथे जाऊ का असे विचारायला त्यांना संकोच वाटतो.