फ्रीजरात ठेवायचं ते फोडणीच्या आधीचं

आमच्याकडे दोघंही नोकरीवाले, घरी यायला साडेसात-आठ होतात, त्यामुळे रविवारची सकाळ माझी फ्रीजर भरण्यात जाते. आधी मी काय करायचे, तर भाजी, उसळ, आमटी सगळं अगदी वरून कोथिंबीर पेरून तयार करायचे आणि डब्यात भरून ठेवायचे. बुधवारी ते गरम केलं की "परवाचं उरलेलंय का?" असा प्रश्न ठरलेला. मग कधीतरी डोक्यात आलं की पदार्थ एक पायरी आधीच थांबवायचा आणि फोडणी, कोथिंबीर, लिंबू, ओलं खोबरं हे खायच्या दिवशी घालायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण फोडणीचा वास सुटला की ते जेवण ताजंच.

कोथिंबीर वडीचंच घ्या. उंडे वाफवायचे, पूर्ण गार करायचे आणि न कापता तसेच एकेक गुंडाळून ठेवायचे. हवे तेव्हा बाहेर काढून अर्ध्या तासाने, म्हणजे सुरी आत जाईल पण मध्ये अजून कडक असेल तेव्हा कापा, ताज्या उंड्याच्या वड्या कशा भुगा होतात तसं अजिबात होत नाही, एकसारख्या सुबक निघतात. फक्त तेलात सोडायच्या आधी वरचे बर्फाचे कण नीट पुसा नाहीतर तेल असं उडतं की बोलायची सोय नाही. अळूवडीचं पण सेम.

छोले, राजमा नुसते मिठात शिजवून त्यांच्याच पाण्यासकट ठेवते. मटकी मात्र पूर्ण शिजवत नाही, किंचित कच्ची ठेवते कारण नंतर फोडणीत शिजतेच. आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतून बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं, गोठलं की चौकोन काढून पिशवीत. त्यासाठी ट्रे वेगळाच ठेवा हं, मी नव्हता ठेवला आणि मे महिन्यात पाहुण्यांना लसणाच्या वासाचं कोकम सरबत पाजलंय. उकडीच्या मोदकांचं नुसतं सारण ठेवते, उकड त्या दिवशीचीच.

पोळ्या अर्धवट भाजून, गार करून, मध्ये बटर पेपर घालून ठेवायच्या आणि फ्रीजरमधून काढून थेट तव्यावर. भाकरीच्या वाटेला जाऊ नका.

आता भरायचं कसं. गरम पातेलं तसंच ओट्यावर संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि भाताला तर एवढाही वेळ देऊ नका, ताटात पसरून गार करा. पातळ पदार्थाला मी परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवते आणि मधून मधून ढवळते, पंधरा-वीस मिनिटांत कोमट होतं. मग झिपवाल्या पिशवीत दोघांपुरतं भरून, हवा काढून, ताटात आडवं ठेवून गोठवायचं. इंचभर जाडीची पाटी तयार होते, ती नंतर पुस्तकांसारखी उभी लावता येते आणि पटकन सुटते पण. डब्यात भरत असाल तर वर बोटभर जागा सोडा, पाणी गोठलं की फुगतं. काचेची बरणी त्यानेच तडकते.

नाव आणि तारीख पिशवी भरायच्या *आधी* लिहायची, गार ओल्या पिशवीवर ना पेन उमटत ना पट्टी चिकटत. गोठल्यावर सगळंच चॉकलेटी दिसतं. एकदा कटाची आमटी म्हणून काढलं ते चिंचेचा कोळ निघाला, भात लावून झालेला होता!

बटाट्याच्या फोडी, काकडी, कढी, दह्यातलं काहीही ठेवू नका. बटाटा भुसभुशीत होतो नि कढी फाटते. उकडलेल्या अंड्याचं रबर होतं. पनीर थोडं भुरभुरीत होतं पण गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की चालतं.

फ्रीजर उणे १८ डिग्रीला असेल तर ह्यातलं बरंचसं दोन-तीन महिने छान राहतं, मी तरी दोनच्या पुढे जाऊ देत नाही. सिंगल डोअर फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात बहुतेक वेळा एवढं थंड होत नाही, तिथलं आठवड्यात संपवा. काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, नाहीतर पातळ पाटी असेल तर सरळ पातेल्यात घालून चांगली उकळी येईपर्यंत. ओट्यावर दिवसभर नको, आणि एकदा पूर्ण सुटलेलं परत गोठवायचं नाही.

राहिला लाईटचा प्रश्न. भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला असेल तर २४, त्यामुळे लाईट गेली की उघडून बघायचा मोह आवरा. गावाला जाताना मी एका वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जाते. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बर्फात खाली गेलेलं दिसलं तर आपण नसताना सगळं सुटून परत गोठलंय असं समजायचं आणि जीव कितीही हळहळला तरी टाकून द्यायचं.