सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात वैकल्पिक विषय कसे निवडावेत

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जैवसंख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन आणि सामाजिक-वर्तनशास्त्र यांचा पाया बहुतेक ठिकाणी अनिवार्य असतो. वैकल्पिक विषयांसाठी उरणारे श्रेयांक मोजकेच असल्याने निवड विचारपूर्वक करावी लागते.

प्रथम विषयांची यादी बाजूला ठेवावी आणि पदवीनंतर जे काम करायचे आहे, त्या पदांच्या आठ-दहा जाहिराती वाचून त्यांत पुन्हा पुन्हा मागितलेली कौशल्ये टिपून घ्यावीत. रोगसर्वेक्षणासाठी आर किंवा स्टेटा या संख्याशास्त्रीय संगणक-प्रणालींवर माहितीचे विश्लेषण करता यावे लागते, कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी निर्देशक ठरवणे व मुलाखती घेणे जमावे लागते, तर धोरणविषयक कामात आरोग्य अर्थशास्त्र उपयोगी पडते.

त्यानंतर पूर्वअटी पाहाव्यात. सर्व्हायव्हल ॲनालिसिस (मृत्यूसारखी घटना घडेपर्यंत लागणाऱ्या काळाचे विश्लेषण) घ्यायचे तर सहसा आधी रिग्रेशन (घटकांमधील संबंध मोजण्याची पद्धत) आणि त्याआधी प्राथमिक जैवसंख्याशास्त्र झालेले असावे लागते. काही विषय वर्षाआडच शिकवले जातात. त्यामुळे 4 सत्रांचे वेळापत्रक शेवटच्या सत्रापासून मागे मांडत यावे. पुढून मांडल्यास नेमका हवा असलेला विषय हुकतो.

आता खरी निवड. एखाद्या आजाराविषयीचा वा समस्येविषयीचा विषय आणि संशोधनपद्धतीचा विषय यांत एकच घेता येत असेल, तर माझ्या मते पद्धतीचा घ्यावा. हिवताप किंवा कुपोषण यांविषयी पुढे स्वतः वाचता येते. पण कॉफी पिणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला, तर त्यामागे धूम्रपान आहे का, हे तपासताना कोणते घटक विश्लेषणात घ्यावेत आणि कोणते घेतल्याने उत्तरच बिघडेल, ही जाण चुका दाखवणारा शिक्षक असल्याशिवाय सहसा येत नाही. संख्याशास्त्राची पदवी घेऊन आलेल्याने मात्र नेमके उलट करावे आणि गुणात्मक संशोधन किंवा आरोग्य व्यवस्थेवरील विषय घ्यावा. (आधीच येत असलेल्या विषयात गुण सहज मिळतात, हा मोह येथे आवरावा लागतो.)

शेवटी पाठ्यक्रमातील मूल्यमापनाचा भाग वाचावा. ज्या विषयात प्रत्यक्ष माहिती वापरून अहवाल लिहावा लागतो, तेथील काम पुढे प्रबंधाला जोडता येते का, हे मार्गदर्शकांना विचारावे, आणि शंका उरल्यास विषय बदलण्याच्या मुदतीआधी दोन्ही विषयांच्या पहिल्या तासांना बसून मगच नोंदणी पक्की करावी.