जनरेटरला कोणाचा हात लागू द्यावा

कोथरूडला पावसात वीज गेली की जनरेटर आठवतो; तो दुरुस्त करणारा माणूस मात्र उन्हाळ्यातच शोधून ठेवा. तपकीर गल्लीतल्या, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातल्या, जुन्या दुकानदारांना विचारा. माणूस आला की आधी वायरमन परवाना पाहा, त्यावरची मुदतही. मग विचारा, “चेंजओव्हर स्विच तपासणार ना?” यावर मी अडूनच बसते. हा स्विच घर एका वेळी महावितरणच्या लाइनवर किंवा जनरेटरवर, एकावरच ठेवतो. तो नीट नसेल तर आपल्या घरातला करंट उलटा महावितरणच्या लाइनवर जातो आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

इंजिन चालतंय पण वीज येत नाही? आधी कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) आणि एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बघायला सांगा. न तपासता वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) बदलू म्हणणाऱ्याला मी काम देत नाही. जुने पार्ट मागून घ्या. पैसे देण्याआधी फ्रिज, पंखे लावून मीटरवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या आसपास दिसतंय का पाहा. चाचणी उघड्यावरच, बंद बाल्कनीत नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.