भांडणातून विनोदी मालिका कशी उभी करावी: नॉर्मन लिअर यांच्या कारकिर्दीच्या आधारे

दूरचित्रवाणीसाठी विनोदी मालिका लिहायला बसणारा नवा लेखक बहुधा पंच, म्हणजे हशा मिळवणारी वाक्ये, जमवायला लागतो, आणि दहाव्या एपिसोडपर्यंत त्याची पोतडी रिकामी होते. त्याऐवजी एखादे न मिटणारे भांडण हाताशी असेल, तर पंच त्यातून निघत राहतात. अमेरिकी लेखक-निर्माते नॉर्मन लिअर (१९२२–२०२३) यांच्या कारकिर्दीचा अभ्यास याच दृष्टीने करावा, असे मला वाटते.

सुरुवात स्वतःच्या घरात ऐकलेली वाक्ये वहीत उतरवण्यापासून करावी. लिअर नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील बनावट रोख्यांच्या प्रकरणात तुरुंगात गेले आणि आईने घरातले सामान विकायला काढले. त्यात वडिलांची लाल चामड्याची खुर्चीही होती. हे वडील बायकोला वरचेवर, आणि ठरावीक शब्दांत, गप्प करत असत. ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या ब्रिटिश मालिकेतील सासरा-जावयाच्या कटकटीविषयी लिअर यांच्या वाचनात आले, तेव्हा त्यांना आपले घर आठवले. त्यातूनच त्यांच्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेतला आर्ची बंकर घडला: न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, वर्णद्वेषी मतांचा, कष्टकरी गृहस्थ, जो आपल्या ठरलेल्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसू देत नाही आणि बायकोला लिअर यांच्या वडिलांच्याच शब्दांत गप्प करतो. कल्पना बाहेरून आलेली असली तरी चालते. बोलणे मात्र घरचे असावे.

भांडण कसे लिहावे, हे पाहण्यासाठी १९७४ सालच्या एका एपिसोडमधला मोज्यांचा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा. जावई माइक एका पायात मोजा आणि त्यावर लगेच बूट चढवतो. दुसरा पाय अजून उघडाच आहे. आर्ची ते बघतो आणि अस्वस्थ होतो, कारण त्याच्या मते आधी दोन्ही मोजे आणि मग दोन्ही बूट हीच जगाची रीत आहे. घराला आग लागली तर काय, असे तो विचारतो. त्याच्या पद्धतीने निदान दोन्ही पाय सारखे तरी झाकलेले असतात. माइकचे उत्तर असे की, बाहेर पाऊस असेल तर त्याच्या पद्धतीत एक पाय तरी कोरडा राहील आणि लंगडी घालत पळता येईल. या सगळ्यात राजकारणाचा एक शब्द नाही, तरीही या दोघांचे एकाही मोठ्या प्रश्नावर का जमणार नाही, हे प्रेक्षकाला पुरते कळते. असा प्रसंग लिहिताना वाद जितका क्षुल्लक, तितके युक्तिवाद गंभीर ठेवावेत, आणि मुख्य म्हणजे दोघांनाही आपण हसवत आहोत याचा पत्ता नसावा. एकाने जरी डोळा मारला, तरी प्रसंग गेला.

लिअर स्वतः उदारमतवादी होते, पण त्यांच्याच मतांचा माइक मालिकेत आगाऊ आणि सासऱ्याच्या अन्नावर जगणारा दाखवला आहे, ही गोष्ट लेखकाने नीट लक्षात घ्यावी. आपल्या बाजूच्या पात्राला सगळी चांगली वाक्ये देण्याचा मोह फार होतो. बायको ईडिथ भोळी वाटते, परंतु जीन स्टेपलटन यांनी केलेल्या या भूमिकेत अनेकदा तीच एखाद्या साध्या वाक्याने दोघांनाही निरुत्तर करते.

लेखनाबरोबर धंदाही शिकावा लागतो. लॉस एंजेलिसला आल्यावर लिअर आणि त्यांचे सहलेखक एड सिमन्स दारोदार विक्री करत होते. पुढे डीन मार्टिन आणि जेरी लुईस या विनोदी जोडीसाठी त्यांनी प्रहसने लिहिली, आणि १९५० च्या दशकाअखेर लिअर यांनी बड यॉर्किन यांच्यासह टँडम ही निर्मितिसंस्था उभारली. निर्माता होण्याचा उपयोग पुढे दिसला. बंकर कुटुंबाचे दोन पायलट (नमुन्याचे) एपिसोड एबीसी या चॅनेलने करून घेतले आणि दोन्ही नाकारले. लिअर यांनी आई-वडिलांच्या भूमिकेतले कलावंत कायम ठेवले, तरुण जोडपे बदलले, संहितेला मात्र फारसा हात लावला नाही, आणि तिसऱ्या खेपेस सीबीएस या दुसऱ्या चॅनेलने मालिका घेतली. नकार आला की संहिता खरवडायला घेणाऱ्यांनी आधी पात्रयोजना तपासून पाहावी.

१२ जानेवारी १९७१ रोजी पहिला एपिसोड दाखवला गेला, तेव्हा आरंभी चॅनेलने सावधगिरीची सूचना जोडली होती. रविवारी सकाळी, घरात कुणी नाही असे समजून वरच्या खोलीकडे निघालेल्या तरुण जोडप्याविषयीचे आर्चीचे एक वाक्य चॅनेलला नको होते. ते गेले तर आपणही जाऊ, असे लिअर यांनी कळवले, आणि वाक्य राहिले. माझ्या मते अशी टोकाची भूमिका फार वेळा घेऊ नये, पण पहिल्याच वाक्यावर माघार घेतली तर पुढची यादी लांबत जाते, हे खरे.

चित्रीकरण शक्य तर प्रेक्षकांसमोर करावे. ‘ऑल इन द फॅमिली’चा बहुतेक एपिसोड एकाच संध्याकाळी दोन वेळा, दोन वेगळ्या प्रेक्षकांसमोर टिपला जाई आणि संकलनात त्यातले उत्तम ते निवडले जाई. नाटकवाल्यांना हे सांगायला नको; हशा ओसरू न देता पुढचे वाक्य टाकले की दोन्ही वाया जातात. १९७२ मध्ये कृष्णवर्णीय गायक-अभिनेते सॅमी डेव्हिस ज्युनिअर पाहुणे म्हणून आले आणि फोटो काढण्याच्या क्षणी त्यांनी आर्चीच्या गालाचे चुंबन घेतले, तेव्हा हशा थांबेचना. आर्चीची भूमिका करणाऱ्या कॅरल ओ’कॉनर यांनी त्या वेळी केवळ चेहऱ्यावर काम केले. अशा जागी लेखकाने कागद कोरा सोडावा.

मालिका चालली की तिच्यातून दुसरी काढण्याचा आग्रह होतो. लिअर यांची पद्धत अशी की पात्र आधी पाहुणे म्हणून आणायचे आणि ते भांडणात टिकते का पाहायचे. ईडिथची नात्यातली बहीण मॉड अशीच आली आणि १९७२ मध्ये तिची स्वतंत्र मालिका झाली, जिच्यात त्याच वर्षी सत्तेचाळिशीतल्या मॉडच्या गर्भपाताचा निर्णय दोन भागांत मांडला गेला. मॉडच्या घरी काम करणारी फ्लोरिडा १९७४ मध्ये ‘गुड टाइम्स’ची नायिका बनली, तर बंकरांचे शेजारी जेफरसन १९७५ मध्ये स्वतःच्या मालिकेत मॅनहॅटनला राहायला गेले.

यातली ‘गुड टाइम्स’ मात्र सावधपणे अभ्यासावी. शिकागोतल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची ही गोष्ट हळूहळू थोरल्या मुलाच्या, जे.जे.च्या, एका परवलीच्या शब्दाभोवती फिरू लागली, कारण त्या शब्दाला टाळ्या हमखास होत्या. वडिलांची भूमिका करणारे जॉन अमोस यांचे याच मुद्द्यावर खटके उडाले आणि १९७६ मध्ये ते मालिकेबाहेर गेले. त्यांचे पात्र अपघातात मारले गेले. पुढे आईचे काम करणाऱ्या एस्थर रोल यांनीही मालिका सोडली आणि जे.जे. अधिक जबाबदार दाखवावा, ही अट मान्य झाल्यावरच त्या परतल्या. म्हणून दर पाच-सहा एपिसोडनंतर जुन्या संहिता काढून बसावे, प्रत्येक हशापुढे तो कुणाच्या वाक्याला आला ते पेन्सिलने लिहावे, आणि एकच नाव सारखे दिसू लागले तर पुढच्या एपिसोडमध्ये त्या पात्राला पहिल्या अंकात घराबाहेर पाठवून द्यावे.