क्रिप्टोचा कोड लिहायला येण्याआधी

वेब अ‍ॅपमध्ये बग सापडला की हॉटफिक्स टाकायचा आणि बिघडलेला डेटा बॅकअपवरून परत आणायचा, ही सवय क्रिप्टोत मोडावी लागते. व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे साखळीत जोडल्या जाणाऱ्या नोंदींच्या गठ्ठ्यात गेला, त्यावर पुरेसे ब्लॉक चढले, की तो फिरवणारं कुणी नसतं. बँकेत उलट नोंद करून चूक निस्तरता येते. इथे ती सोय नाही.

आधी रकमेचं बघा. १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी, १ ईथर (इथेरियमचं चलन) म्हणजे १० चा १८वा घात इतके वेई. जावास्क्रिप्टचा साधा नंबर २ च्या ५३व्या घातापर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो. वेईत मोजलं तर ही मर्यादा ०.०१ ईथरच्याही आत संपते. त्यापुढे शेवटचे अंक गुपचूप बदलतात, एरर येत नाही. म्हणून बिगइंट (कितीही मोठे पूर्णांक धरणारा प्रकार) वापरा आणि एपीआयमध्ये रक्कम स्ट्रिंग म्हणून पाठवा. यूएसडीसीला (डॉलरशी बांधलेलं टोकन) इथेरियमवर ६च दशांश स्थळं आहेत. १८ धरलीत तर रक्कम लाख कोटी पटीने चुकते.

पूर्णांक वापरले म्हणजे सुटलो, असंही नाही. १५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या ७४६३८व्या ब्लॉकमधल्या एका व्यवहारात प्रत्येकी ९,२०० कोटींहून जास्त बिटकॉइनचे दोन आउटपुट (पुढे जाणाऱ्या रकमा) होते. त्यांची बेरीज ६४ बिटांत न मावल्याने ऋण झाली आणि तपासणीतून सुटली. बिटकॉइनची एकूण मर्यादाच २.१ कोटींची! त्यामुळे बेरजेच्या प्रत्येक टप्प्यावर मर्यादा तपासायची, शेवटी एकदाच नाही.

पैसे बाहेर पाठवणारा कोड मात्र सगळ्यात निसरडा. वर्करने (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) व्यवहार नोडकडे (साखळी तपासणाऱ्या नेटवर्कमधल्या संगणकाकडे) पाठवला आणि उत्तराऐवजी टाइमआउट आला. व्यवहार गेला की नाही? कळायला मार्ग नाही. अशा वेळी नवा नॉन्स (खात्यातल्या व्यवहाराचा अनुक्रमांक) घेऊन पुन्हा पाठवलंत, तर दोनदा पैसे जातात. उपाय क्रमात आहे: प्रत्येक मागणीला युनिक आयडी, मग सही, सही केलेले बाइट्स डेटाबेसमध्ये कमिट, आणि त्यानंतरच प्रसारण. रिट्राय करताना तेच बाइट्स पाठवायचे. फी वाढवायची असेल तर इथेरियमवर नॉन्स तोच ठेवा. बिटकॉइनवर आधीच्या व्यवहारातला निदान एक इनपुट (खर्चायची रक्कम) तोच हवा, म्हणजे दोनपैकी एकच व्यवहार टिकेल.

नोडच्या कोडमध्ये तर ‘बरोबर’चा अर्थच बदलतो: सगळ्या नोडचा निकाल एकच येणं महत्त्वाचं. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरच्या ०.८ आवृत्तीने एक मोठा ब्लॉक स्वीकारला; जुन्या ०.७ ने नाकारला, कारण तिच्या बर्कली डीबी या डेटाबेसची लॉकची मर्यादा संपली. साखळी दुभंगली. दोष जुन्या आवृत्तीचा, तरी मायनर्सनी (नवे ब्लॉक बनवणाऱ्यांनी) माघार घेऊन ०.७ चीच साखळी धरली. म्हणून नोडच्या कोडमधल्या बदलाची चाचणी घेताना जुनी आणि नवी आवृत्ती एकाच ब्लॉकवर चालवा. निकाल वेगळा आला की रिलीज थांबवा. ‘ही तपासणी दोनदा होते, एक काढू’ हा मोहही वाईट: वेग वाढवण्यासाठी वगळलेल्या अशाच एका तपासणीमुळे एकच इनपुट दोनदा खर्चण्याची वाट उघडली होती, ती सप्टेंबर २०१८ मध्ये ०.१६.३ आवृत्तीने बुजवली.

सरावासाठी रेजटेस्टवर (बिटकॉइनच्या, आपल्याच संगणकावरच्या चाचणी-साखळीवर) शंभर व्यवहार पाठवा आणि सही, कमिट, प्रसारण या प्रत्येक टप्प्यावर वर्कर ‘किल -९’ने (प्रोग्रॅम तडकाफडकी बंद करणाऱ्या आज्ञेने) मारा. पुन्हा चालू केल्यावर वहीतली (तुमच्या डेटाबेसमधली) शिल्लक आणि साखळीवरची शिल्लक यांत, फी धरून, एका सातोशीचाही फरक आला तर पुढचं फीचर हातात घेऊ नका.